मोतिया की मोरपंखी? नागपूरच्या खोलीचा हिशोब

भिंतीच्या रंगांच्या शेड कार्डावरच्या चौकोनात गडद मोरपंखी हमखास जिंकतो. त्याच्या शेजारी फिका मोतिया अगदीच मिळमिळीत वाटतो. पण राहायचं खोलीत आहे, कार्डावर नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. आतला गडद रंग खोली तापवत नाही. ती तापते स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे, त्यामुळे गारव्यासाठी खर्च करायचाच तर गच्चीवर पांढरा कोट मारा.

खरा फरक उजेडाचा. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत आपण दुपारी पडदे ओढून बसतो, मेअखेरच्या नवतपात तर विचारूच नका. मोतियासारखा फिका रंग पडलेल्या उजेडाचा साधारण पाऊण हिस्सा परत फेकतो, गडद मोरपंखी जेमतेम दहावा. म्हणजे पडद्याच्या फटीतून आलेल्या उजेडात मोतियाच्या खोलीत पेपर वाचता येतो, मोरपंखीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. संध्याकाळी मात्र पिवळ्या दिव्यात सागवानी कपाट मोरपंखीसमोर असं काही खुलतं की मोतियाने हात टेकावेत!

आता कूलर. बोअरच्या जड पाण्याचे तुषार खिडकीलगत उडतात आणि वाळले की क्षाराचे पांढरे ओघळ राहतात. मोरपंखीवर ते दारातूनच दिसतात. घासून पुसले तर मॅट फिनिशवर तेवढाच भाग चकाकतो, ते आणखी वाईट. मोतियावर क्षार लपतो, पण स्विचबोर्डभोवतीचे हातांचे काळे डाग लपत नाहीत. प्लास्टिक इमल्शन असेल तर ओल्या फडक्याने निघतात. साध्या डिस्टेंपरवर घासलं तर रंगही फडक्याला येतो.

गडद शेडला बहुतेकदा तिसरा हात लागतो. टचअपचा ठिपका वेगळा दिसतो, म्हणून कोपरा खराब झाला तरी अख्खी भिंत मारावी लागते. भाड्याच्या घरात मोरपंखी नकोच; सोडताना पुन्हा फिका करायचा तर आधी प्रायमर आलाच.

एकच खिडकी आणि तिच्यातच कूलर असेल तर मोतिया घ्या, चर्चाच नको. दोन खिडक्या असतील आणि खोली जास्त करून रात्री वापरात असेल, तर मोरपंखी खुशाल घ्या; कूलरची भिंत आणि छत तेवढं फिकं ठेवा. तरीही मन डळमळत असेल तर दोन्हींचे छोटे डबे आणा, खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारा आणि दुपारी पडदे लावून बघा. पेंटरला फोन त्यानंतर.