काचेची फाइल, खोबरेल आणि कडू लेप: नखं खाणं सोडल्यानंतरचे ६ महिने

वापराचा काळ ६ महिने. वापरलेल्या वस्तू: काचेची नेल फाइल, आधी जोजोबा तेल आणि मग साधं खोबरेल, १० टक्के युरियाचं क्रीम, कडू लेप, नखं कडक करणारं पॉलिश आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे. निकाल आधीच सांगते: फाइल आणि हातमोजे पूर्ण वसूल, कडू लेप सुरुवातीच्या दोन महिन्यांपुरता कामाचा, आणि कडक करणारं पॉलिश हे पैसे पाण्यात.

६ महिनेच का, तर हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत अख्खं नवं नख यायला तेवढा वेळ लागतोच. मधल्या बोटाचं पुढे पळतं, अंगठा आणि करंगळी मागे राहतात. तिसऱ्या आठवड्यात "काहीच फरक नाही" वाटतं, कारण तेव्हा टोकाशी दिसणारं नख सवय चालू असतानाच तयार झालेलं असतं. वाढ मोजायची सोपी युक्ती म्हणजे नखाच्या मुळाशी मेंदीचा बारीक ठिपका. तळहातावरची मेंदी दोनेक आठवड्यांत उतरते, नखावरची मात्र नखाबरोबर पुढे सरकत राहते. महिन्यातून एकदा पट्टी लावून पाहायचं. मेंदी साधीच घ्या; "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यात केसांच्या डायचं रसायन असू शकतं आणि त्याने कातडीवर फोड येतात.

आता कडू लेप. बहुतेक लेपांत डिनॅटोनियम बेंझोएट हे अतिशय कडू रसायन असतं. नखं स्वच्छ आणि कोरडी करून एक थर द्यायचा, दर दोन दिवसांनी पुन्हा. बाटलीवर एक गोष्ट लिहिलेली नसते: हा लेप काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांना सोयीचा आहे. आपण भात कालवतो, भाकरी मोडतो, त्यामुळे पहिला घास तोंडात गेला की कडू जहर. नुसत्या पाण्याने चव जात नाही, साबणानेही पूर्ण जात नाही. लेप लावलेल्या हाताने कणीक मळलीत तर घरातले सगळेच सवय सोडतील. यावर जमलेला तोडगा असा: लेप फक्त डाव्या हाताला आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना कागदी चिकटपट्टी, म्हणजे दवाखान्यात सलाईनला लावतात ती. वाचताना, फोनवर बोलताना, गाडीत बसल्यावर, म्हणजे जिथे हात आपोआप तोंडाकडे जातो तेवढ्या वेळेपुरती. आठेक आठवड्यांनी जीभ कडूला सरावते. मग लेप बंद केलेला बरा.

खरं काम फाइल करते. ती सजावटीची वस्तू समजली जाते, पण नखं खाणाऱ्याच्या हातात ती सवय तोडायचं हत्यार आहे. चावलेल्या नखाची कड सरळ तुटत नाही, तिचे थर सुटतात. तो खरबरीत कोपरा ओढणीत अडकतो, अंगठा त्याच्यावरून फिरत राहतो आणि दोन मिनिटांत दात तिथे पोचतात. कोपरा त्याच क्षणी गुळगुळीत केला तर ही साखळीच तुटते. म्हणून फाइल बाथरूमच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. एक पर्समध्ये किंवा खिशात, एक कामाच्या टेबलावर.

काचेची घ्या. धातूची फाइल कड ओरबाडते. कागदी घेतली तर २४० ग्रिटची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा; तो जितका मोठा तितकी फाइल बारीक). १८० ची जाड नखांना चालते, १०० ची कृत्रिम नखांसाठी असते आणि कमकुवत नखाची वाट लावते. घासायचं एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे. करवतीसारखं पुढे-मागे केलं की थर पुन्हा सुटतात. नख कोरडं हवं. अंघोळीनंतर ते पाणी पिऊन मऊ झालेलं असतं, तेव्हा अर्धा तास थांबा. टोक जवळपास सरळ, कोपरे किंचित गोल. कोपऱ्यात आत घुसून घासू नका, नख नेमकं तिथूनच तुटतं.

पहिले दोन महिने पांढरी कड १ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. इथे बहुतेकांचा मोह आवरत नाही. वर्षानुवर्षं चावल्याने नखाचा गुलाबी भाग आखूड झालेला असतो, त्यामुळे चिकटलेलं नख कमी आणि सुटं टोक जास्त अशी स्थिती होते. टोकाला धक्का लागला की ते पहारीसारखं काम करतं आणि नख खालच्या मांसापासून उचकटतं. नखाखालचा मळ सेफ्टी पिनने काढणंही बंद करा. तिथली नाजूक कातडी म्हणजे नखाखालचं बूच आहे, ते टोकरलं की गुलाबी भाग आणखी मागे सरकतो. जुना मऊ टूथब्रश आणि साबण पुरतो. हा भाग हळूहळू पुढे येतो, पण फार जुन्या सवयीत सगळ्या बोटांना पूर्ण येईलच असं नाही.

तेलाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. जोजोबा आणि खोबरेल यांत किमतीएवढा फरक जाणवला नाही. खोबरेल थंडीत गोठतं एवढंच. हात धुतल्यावर पाच नखांना मिळून एक थेंब, मुळाशी मिनिटभर चोळून. तेलाने नख भरभर वाढत नाही, ते लवचीक राहतं. युरियाचं क्रीम रात्री, नखाभोवतीच्या कडक कातडीला; चीर असेल तिथे झोंबतं. दुकानात ४० टक्क्यांचंही मिळतं, ते खराब नख मऊ करून काढण्यासाठी असतं, चुकून उचलू नका. मुळाशी असलेली पातळ साल कापायची नाही. सुटलेलं सालपट ओढू नये, धारदार छोट्या कात्रीने बुडाशी कापावं.

हातमोजे: नख सतत भिजून फुगतं आणि सुकून आकसतं, त्यातच थर सुटतात. भांडी, फरशी, कपड्यांना हातमोजे हवेतच. लसूण सोलताना आणि डब्याची झाकणं उघडताना नखाऐवजी सुरी किंवा चमच्याचा दांडा.

कडक करणाऱ्या पॉलिशचा दोष त्याच्या कामातच आहे. फॉर्मॅल्डिहाइड असलेली पॉलिश नखातल्या प्रथिनाचे धागे एकमेकांना जखडतात. पहिले तीन आठवडे नख टणक वाटतं, मग ते वाकत नाही आणि काचेसारखं कडकन मोडतं. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही लगेच सुरू करू नका. शरीरात कमतरता नसेल तर फायद्याची खात्री नाही, आणि थायरॉइड व हृदयविकाराचा झटका ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे त्या बिघडवू शकतात. घेत असाल तर तपासणीसाठी रक्त देण्याआधी सांगा. पांढरे ठिपके बहुतेक वेळा चावल्याच्या माराचे असतात, कॅल्शियमचे नव्हेत.

नखुरडं झालं तर कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सुईने फोडू नका. पू दिसला, लाली बोटावर चढायला लागली, ताप आला किंवा मधुमेह असेल तर थेट डॉक्टर. ६ आठवड्यांहून जास्त रेंगाळलं तर सततचं ओलं काम हे कारण असण्याची शक्यता मोठी.

मधेच एखादं नख चावलं जातंच. तेव्हा बाकीची नऊ त्याच्या मापाला आणायची नाहीत. फक्त त्या एकाची कड लगेच घासायची, तेल लावायचं, आणि त्या बोटाला आठवडाभर चिकटपट्टी.