हीट पंप म्हणून विकला, चालते मात्र कॉइल: गरम पाण्याच्या यंत्रणेत लोक कसे फसतात

गिझर काढून हीट पंप (हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारं यंत्र) किंवा सोलर बसवायचा निर्णय चुकीचा नसतो. नीट निवडलेला आणि नीट बसवलेला हीट पंप तेवढंच पाणी गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तापवतो. फसवणूक सोपी जाते ती यामुळेच. वस्तू खरी, फायदाही खरा, फक्त घरात जी टाकी येऊन बसते ती त्या फायद्याची नसते. बाहेरून सगळ्या टाक्या सारख्या दिसतात आणि नळाला गरम पाणीही येतं. गडबड कळते ती दोन-तीन वीजबिलं आल्यावर. तोवर जुना गिझर भंगारात गेलेला असतो आणि विक्रेत्याचे सगळे पैसे चुकते झालेले असतात.

विक्रेता काहीही म्हणो, पाण्याचा हिशोब बदलत नाही. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६३ वॉट-तास उष्णता लागते. म्हणजे २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर २०० × ३५ × १.१६३, म्हणजे सुमारे ८.१ युनिट (१ युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). कॉइलवाला गिझर याला ८.१ युनिट वीज खातोच, वर टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी. कॉइल तांब्याची असो, सिरॅमिकची असो, तिला ‘क्वार्ट्झ’, ‘नॅनो’ किंवा ‘इन्फ्रारेड’ असं काहीही नाव दिलेलं असो, विजेतून थेट उष्णता करणारं कुठलंही यंत्र १ युनिट विजेतून १ युनिटपेक्षा जास्त उष्णता देऊ शकत नाही. त्यामुळे ‘७० टक्के वीज वाचवणारा इन्स्टंट गिझर’ ही जाहिरात सरळ खोटी आहे. इन्स्टंट गिझर वाचवतो ती फक्त साठवलेलं पाणी थंड होण्यातली तूट. गिझरच्या शेजारच्या प्लगमध्ये लावायची ‘पॉवर सेव्हर’ डबी तर निव्वळ लूट आहे. तिच्यात कपॅसिटर असतो, तो पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारतो, आणि कॉइलचा पॉवर फॅक्टर मुळातच १ असतो. सुधारायला काही शिल्लकच नाही.

हीट पंपाचं वेगळं. तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात टाकतो, म्हणून १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात आणि पहिली थाप इथेच मारली जाते. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘सीओपी ४.५’ छापलेलं असतं, पण तो आकडा हवा किती गरम आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवलं असताना मोजला, हे नसतं. हवा उबदार असेल आणि पाणी कोमटच करायचं असेल तर आकडा छान येतो. ५ अंशांच्या हवेत ६० अंशांचं पाणी करायचं म्हटलं की तेच यंत्र २ किंवा त्याच्या आसपास घसरतं. म्हणून विचारायचं ते असं: ‘आमच्या भागातल्या हिवाळ्याच्या सकाळच्या तापमानाला, ५५ अंशांच्या पाण्यासाठी सीओपी किती?’ युरोपात ही चाचणी ईएन १६१४७ या मानकाप्रमाणे होते आणि अहवालात हवेचं तापमान लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडे कुठल्याही मान्य मानकाचा अहवाल नसेल तर त्या ४.५ ला काही किंमत नाही.

दुसरी थाप पकडायला जास्त अवघड, आणि सर्रास चालणारी. बहुतेक हीट पंपांच्या टाकीत मदतीला १.५ ते ३ किलोवॉटची बॅकअप कॉइल असते. कडाक्याच्या थंडीत किंवा पाहुण्यांच्या गर्दीत तिचा उपयोग होतो. बसवणारा माणूस जाताना यंत्र ‘बूस्ट’ किंवा ‘इलेक्ट्रिक’ मोडवर ठेवून जातो. कारण साधं आहे: कॉइलवर पाणी पटकन तापतं आणि ‘पाणी तापायला वेळ लागतो’ अशी तक्रार येत नाही. टाकी लहान विकलेली असली की हे हमखास होतं. दर माणशी ५० लिटर धरलं तर चार माणसांना २०० लिटरची टाकी हवी. हीट पंपाची उष्णता देण्याची ताकद २ किलोवॉटच्या आसपास असेल तर वरचे ८.१ युनिट भरायला त्याला चार तास लागतात. ११० लिटरची टाकी विकून ‘चौघांना पुरते’ सांगितलं की पाणी संपतं, कॉइल लागते, आणि हीट पंपाच्या किमतीत गिझर घेतल्यासारखं होतं.

हे पकडायला इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प मीटर किंवा प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर पुरतो. घरगुती कॉम्प्रेसर आणि पंखा मिळून साधारण ४०० ते ८०० वॉट घेतात. मीटरवर १,५०० किंवा त्याच्या वर आकडा दिसला तर कॉइल चालू आहे. याच्या उलट गोष्टही तपासा: वॉट कमी आहेत, कॉम्प्रेसर गुरगुरतो, पण पाणी तापत नाही. तेव्हा पंख्यातून बाहेर येणारी हवा हातावर घ्या. ती खोलीतल्या हवेपेक्षा स्पष्ट गार लागायला हवी आणि दमट दिवसांत निचऱ्याच्या नळीतून पाणी ठिबकायला हवं. दोन्ही नसेल तर यंत्रातला (फ्रिजमध्ये असतो तसा) गॅस गळून कमी झालेला असण्याची दाट शक्यता आहे. यात एक प्रकार फार वाईट: गॅस संपलेलं यंत्र कॉइलवर लावून ‘दुरुस्त झालं’ सांगायचं आणि वॉरंटीचा काळ तसाच काढायचा.

जागेबद्दलही खोटं सांगतात. हीट पंपाला हवा लागते, तासाला शेकडो घनमीटर. कपाटासारख्या बंद कोनाड्यात बसवला की तो स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढतो, सीओपी कोसळतो आणि सुरक्षिततेसाठी यंत्र कॉइलकडे वळतं. खोलीत बसवायचा तर साधारण २० घनमीटरची मोकळी खोली किंवा हवा आत-बाहेर न्यायचे डक्ट हवेत. ‘कुठेही बसतो’ म्हणणाऱ्याकडून कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल मागा. किमान अंतरं त्यात आकृतीसह दिलेली असतात.

सोलरमध्ये चोरी लिटरमध्ये होते. नळ्यांच्या सोलरची टाकी १५० लिटरची सांगितली आहे असं धरू. टेप लावा: बाहेरचा व्यास ४६ सेंमी, लांबी १३० सेंमी. पफचं (फोमचं) इन्सुलेशन चारी बाजूंनी ५ सेंमी असेल तर आतला व्यास ३६ आणि लांबी १२० सेंमी उरते. हिशोब केला की १२२ लिटर येतात. मग १५० कुठून आले? ५८ मिमी व्यासाच्या आणि १८०० मिमी लांबीच्या एका काचनळीत सुमारे २.७ लिटर पाणी मावतं. दहा नळ्यांचे २७ लिटर टाकीच्या आकड्यात मिळवले. ते पाणी नळ्यांतच राहतं, तुमच्या बादलीत कधी येत नाही. उलट विक्रेता म्हणाला की आतली टाकी खरोखर १५० लिटरचीच आहे, तर बाहेरचं माप तेवढंच असल्यामुळे इन्सुलेशन ५ सेंमी नाही, जेमतेम सव्वातीन सेंमीचं आहे. दोन्हींपैकी एक खोटं ठरतंच. या मापाच्या नळ्यांना साधारण १० लिटरमागे एक नळी लागते. वरच्या १५० लिटरलाही दहा नळ्या कमीच, तेव्हा ‘२०० लिटर, १० नळ्या’ हे गणितच जमत नाही. सपाट पॅनेलचं: स्वच्छ उन्हात चौरस मीटरला दिवसाचे ५ युनिट पडतात, त्यातले ४५ टक्के पाण्यात उतरले तर २ चौरस मीटरचं पॅनेल ४.५ युनिट देतं. १०० लिटरला ३९ अंश. त्याच पॅनेलवर २०० लिटरची टाकी जोडली तर पाणी कोमट राहणार आणि रोज बॅकअप लागणार.

टाकीच्या पत्र्याबाबत चुंबकाची चाचणी दाखवतात: ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील’, म्हणजे चांगल्या प्रतीचं. हे अर्धसत्य आहे. स्वस्त २०० मालिकेतल्या स्टीललाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि क्षारयुक्त गरम पाण्यात ते वेल्डिंगच्या जोडाशी आधी गंजतं. स्टील ओळखायचं रसायन बाजारात मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की मँगनीजवाल्या स्टीलवर तो लाल होतो. विक्रेत्यासमोर ही चाचणी करायला सांगा. काचनळ्यांना मात्र फक्त डोळे पुरतात. टोकाशी चंदेरी आरसा दिसला तर दोन काचांमधली निर्वात पोकळी शाबूत, पांढरट डाग दिसला तर नळी गेली. निकामी झालेल्या नळ्या नव्या म्हणून लावतात त्या इथे उघड्या पडतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, कारण इथे जीव जाऊ शकतो. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की ते दीड टक्का फुगतं, २०० लिटरला ३ लिटर. थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल तर हे पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडतं आणि ते पडायलाच हवं. ग्राहक ‘गळतंय’ म्हणतो आणि बेपर्वा मेकॅनिक त्या तोंडाला टोपी घट्ट बसवून जातो. थर्मोस्टॅट बिघडला तर अशी टाकी फुटते. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू देऊ नका, आणि त्याची नळी मोकळ्या जागी, खाली उतरती नेलेली आहे का पाहा. बिनदाबाच्या सोलरमध्ये हेच काम उभा व्हेंट पाइप करतो. पैसे वाचवायला तो लावला नाही तर टाकी फुगते, किंवा पाणी उतरताना आत चेपते. गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. सीपीव्हीसी लावलाय ना, हे पाइपवरची छपाई वाचून पाहा.

कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी: पूर्ण मॉडेल नंबर, टाकीचे निव्वळ लिटर, पत्र्याची ग्रेड, इन्सुलेशनची जाडी, सीओपी आणि तो कोणत्या तापमानाला. टाकीची, कॉम्प्रेसरची आणि मजुरीची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. माल आला की पेटीवरची नेमप्लेट कोटेशनशी ताडून पाहा. दाखवायचं एक मॉडेल आणि बसवायचं दुसरं, हा प्रकार नेहमीचा आहे. वॉरंटीतली अॅनोड रॉडची अट नीट वाचा. टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची ही कांडी स्वतः झिजते. दर एक-दोन वर्षांनी ती तपासल्याची पावती नसेल तर टाकीची हमी नाकारली जाऊ शकते, आणि हे विकताना कुणी सांगत नाही. अनुदानाच्या नावाने ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याच्या फॉर्मवर काम पूर्ण होण्याआधी ‘काम पूर्ण’ची सही नकोच.

शेवटचा हप्ता चाचणीपर्यंत हातात ठेवा. रात्री सगळं गरम पाणी काढून टाका, वॅट-मीटर शून्यावर आणा, पाणी न वापरता यंत्र पूर्ण तापू द्या. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका, सेन्सर बऱ्याचदा टाकीच्या वरच्या भागात असतो. यंत्र बंद करून २० लिटरच्या बादलीने पाणी काढत जा, प्रत्येक बादलीचं तापमान मोजा, गार पाणी येईपर्यंत. प्रत्येक बादलीचे लिटर × गार पाण्यापेक्षा वाढलेले अंश यांची बेरीज करा, १.१६३ ने गुणा, १,००० ने भागा. आलेल्या युनिटांना मीटरवरच्या युनिटांनी भागलं की तुमचा खरा सीओपी. ८.१ युनिट उष्णतेला २.७ युनिट वीज लागली तर ३, यंत्र ठीक. ४.५ लागली तर १.८, काहीतरी चुकलंय. ८ च्या वर लागली तर तुम्हाला गिझर विकला आहे. बादल्या मोजल्या की टाकीचे लिटरही साधारण तपासून होतात.

आधीच फसला असाल तर मोड ‘इको’ किंवा ‘हीट पंप’ वर आणा आणि कॉइल मेन्यूमधून बंद करून पुन्हा हीच चाचणी घ्या. बऱ्याच घरांत नुसत्या सेटिंगने बिल खाली येतं. तरीही आकडा सुधारला नाही तर नेमप्लेट, सीरियल नंबर, मीटरचे आकडे यांचे फोटो आणि मूळ माहितीपत्रक जोडून विक्रेता आणि उत्पादक या दोघांना लेखी तक्रार द्या. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ते लिहून पाठवा. यंत्र ‘वर्कशॉपला नेतो’ म्हणाले तर सीरियल नंबर लिहिलेली पोचपावती घेतल्याशिवाय नेऊ देऊ नका. गॅसचा भाग स्वतः उघडू नका. नव्या यंत्रांत बऱ्याचदा आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, आणि तो पेट घेतो.