अमेरिकेचा शिक्का खरा होता, मालक मात्र हयात नव्हते

नाशिकच्या इंदिरानगरचा तो दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला तेव्हा सगळं जुळून आलंय असं वाटलं. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, सिडकोत १२ वर्षं भाड्याने राहतोय. मालक न्यू जर्सीत. त्यांच्या मित्राच्या मुलाकडे विक्रीचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकांच्या वतीने फ्लॅट विकायचा अधिकार देणारा कागद. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी आणि त्याचं कारणही पटेल असं: "काका आता परत येणार नाहीत, त्यांना हे मार्गी लावायचंय."

तो कागद अजून डोळ्यांसमोर आहे. जाड पान, तिथल्या नोटरीची सही, वर अपोस्टिलचं, म्हणजे तिथल्या सरकारी प्रमाणपत्राचं, वेगळं पान जोडलेलं आणि हाताला लागणारा उठावाचा शिक्का. बायकोने त्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे काही खोटं नसणार." खरंच होतं ते. सही मालकांचीच होती.

पण अपोस्टिल म्हणजे त्या नोटरीची सही-शिक्का खरा आहे, एवढीच ग्वाही. आतला मजकूर बरोबर आहे का, सही करणारा आज हयात आहे का, त्याने नंतर अधिकार काढून घेतले का, यातलं काहीही ते पान सांगत नाही. मला हे साडेतीन लाख गेल्यावर कळलं.

इसाराचा चेक त्या मुलाच्याच नावाने दिला. "काकांचं खातं तिकडे आहे, उगाच कटकट," म्हणाला. परदेशात राहणाऱ्या मालकाला इथल्या बँकेत एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांसाठीचं रुपयातलं खातं) ठेवता येतं, पैसे मालकाच्या त्या खात्यातच जायला हवेत. शिवाय मालक अनिवासी असेल तर विक्रीवरचा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, आणि आपल्याला माहीत असलेला एक टक्का तिथे लागू नसतो. हे विचारलं तर "ते आमचा सीए बघेल" एवढंच उत्तर. मालकांशी बोलणं करून द्या म्हटलं की तिकडे रात्र असायची. सकाळी विचारलं तर त्यांना बरं नसायचं. तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता.

साठेखताआधी, म्हणजे विक्रीचा करार करण्याआधी, ना-हरकत दाखल्याचं विचारायला सोसायटीत गेलो. सेक्रेटरी काकूंनी मालकांचं नाव ऐकलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, त्यांना जाऊन आठ महिने झाले. खाली फळ्यावर श्रद्धांजली मीच लिहिली होती."

जिना उतरताना पायातलं बळ गेलं होतं.

वकिलांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ दाखवलं: अधिकार देणारा वारला की मुखत्यारकी संपते. आता तो फ्लॅट त्यांच्या पत्नीचा आणि मुलींचा. मग त्यांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "मुद्रांक कुठे आहे?" परदेशात केलेला असा कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्यांना विनामोबदला विक्रीचे अधिकार दिले तर आपल्या राज्यात ५०० रुपयांत भागतं, परक्याला दिले तर खरेदीखताएवढं शुल्क. हा मुलगा परकाच. कागद वर्षभर त्याच्या कपाटात, शुल्क एक रुपयाही नाही. आम्ही शिक्का बघत बसलो, मुद्रांक बघितलाच नाही.

मला वाटायचं, नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधकांकडे हे पकडलं गेलं असतं. मुखत्यारपत्र देणारा हयात आहे, ते रद्द झालेलं नाही, असं घोषणापत्र तिथे द्यावं लागतं खरं. पण ते लिहून देणारा मुखत्यारच. खोटं बोलायचं ठरवलेल्या माणसाला आणखी एक सही जड नसते. म्हणून कळकळीने सांगतो, मालकाला स्वतः व्हिडिओ कॉल करा, तोच कागद त्याच्यासमोर धरा आणि त्याच्या तोंडून "हो, विकायचाय" ऐका. नंबर सोसायटीकडून घ्या, मुखत्याराकडून घेऊ नका. इसार द्यायच्या आधी.

सेक्रेटरी काकूंनी मालकांच्या न्यू जर्सीतल्या पत्नीचा नंबर दिला. त्यांना हे सांगताना माझाच आवाज बसला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यांनी शेवटच्या आजारपणात त्याला फोन करून सांगितलं होतं, फ्लॅट राहू दे, मुलींना हवाय." मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवली. ती पोलिसांतल्या तक्रारीला जोडली आहे. साडेतीन लाखांपैकी ५० हजार परत आले आहेत.