चर्चची निर्वासित स्पॉन्सरशिप, कॅनडा: स्वागत चोख, तेराव्या महिन्याची तयारी कच्ची

परदेशातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी साध्या शेजाऱ्यांनी लेखी कराराने उचलायची, ही व्यवस्था कॅनडात 1979 पासून जोरात चालू आहे. सरकारशी पहिला करार केला तो मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने, मेनोनाइट सेंट्रल कमिटीने. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातले लोक तेव्हा देश सोडून निघाले होते. 1920च्या दशकात सुमारे 20,000 मेनोनाइट स्वतःच सोव्हिएत राजवटीतून कॅनडात आले होते, त्यामुळे परक्याला घरात घ्या हे बायबलमधल्या मत्तयच्या 25व्या अध्यायातलं सांगणं त्यांच्या मंडळ्यांत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) फक्त उपासनेपुरतं राहिलं नाही. पुढे अँग्लिकन, कॅथलिक, युनायटेड चर्चही यात उतरली. निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल संयुक्त राष्ट्रांकडून दिला जाणारा नान्सेन पुरस्कार 1986 मध्ये कॅनडाच्या जनतेला मिळाला.

करार मोठ्या चर्चसंस्थेचा असतो आणि प्रत्यक्ष काम तिच्याखालची स्थानिक मंडळी करते. कुटुंब उतरतं ते कायमस्वरूपी रहिवासी म्हणून. त्यानंतर 12 महिने घरभाडं, किराणा, कपडे, प्रवास आणि सोबत हे सगळं मंडळीतल्या स्पॉन्सर गटाकडे. निर्वासितांकडून यासाठी पैसे घेता येत नाहीत. अर्जानंतर वाट बघण्यात वर्षं जातात, म्हणून निधी वेगळ्या खात्यात आधीच जमा हवा. पाच नागरिकांनी मिळून अर्ज करायचीही सोय होती, पण ते नवे अर्ज सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये थांबवले. त्यामुळे चर्चच्या कराराचं महत्त्व आणखी वाढलं.

पहिला आठवडा बहुतेक मंडळ्या उत्तम निभावतात. विमानतळावर लहान मुलांसाठी कार सीट तयार, घरात तांदूळ, डाळ, चहा, अंडी, आणि कुटुंब मुस्लिम असेल तर हलाल चिकन. पुढची कामं कागदांची: सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), प्रांताचं आरोग्य कार्ड, बँक खातं, मुलांची शाळा, इंग्रजीची पातळी तपासून सरकारी मोफत वर्गात नाव. बालभत्त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरावा. पैसे सुरू व्हायला वेळ लागतो, आणि पुढे दरवर्षी 30 एप्रिलपर्यंत कर विवरणपत्र भरलं नाही तर भत्ता अडकतो. उत्पन्न शून्य असलं तरी ते भरावंच लागतं, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. दात, चष्मा, औषधांसाठी केंद्र सरकारची तात्पुरती आरोग्य योजना आहे. ती न स्वीकारणाऱ्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं तर बिल गटाच्या गळ्यात पडतं.

खरी कमजोरी भाड्यात आहे. उत्साहाच्या भरात मंडळी चर्चजवळचं छान, ऐसपैस घर बघते आणि भाड्यातला फरक देणग्यांतून भरते. तेराव्या महिन्यात देणगी थांबते. तोवर मुलांना मैत्रिणी-मित्र मिळालेले असतात आणि नेमकं तेव्हाच शाळेसकट घर बदलावं लागतं. घर निवडताना हिशेब उलट्या बाजूने करावा: एका माणसाचा किमान वेतनाचा पगार अधिक बालभत्ता, एवढ्यात जे बसेल तेच घ्यावं, भले ते बसने अर्ध्या तासावर असो. भाडेकरार कुटुंबाच्या नावावर करावा आणि गटाने जामीन राहावं. त्यातून त्यांचा भाड्याचा इतिहास तयार होतो, पुढचं घर मिळायला तोच उपयोगी पडतो.

पैसे देण्याची पद्धतही तपासून बघा. महिन्याची रक्कम एक तारखेला थेट त्यांच्या खात्यात टाकणारी मंडळी चांगली. पावत्या मागणारी, दुकानात सोबत जाऊन टोपलीत काय टाकलं ते बघणारी मंडळी प्रेमाने वागत असली तरी त्या आईबापांना मुलांसमोर लहान करते. हिवाळ्याचे बूटसुद्धा दान आलेल्या ढिगातून देण्यापेक्षा दुकानात नेऊन त्यांना निवडू द्यावेत. मापात नसलेल्या बुटात बर्फाचं पाणी जातं.

रविवारच्या उपासनेचं आमंत्रण हा सर्वांत नाजूक भाग. ज्याचं भाडं तुम्ही भरता तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. म्हणून चांगल्या मंडळ्या पहिल्याच भेटीत दुभाष्यामार्फत स्पष्ट सांगतात की मदतीचा आणि चर्चला येण्याचा काही संबंध नाही, आणि जवळची मशीद किंवा मंदिर कुठे आहे तेही दाखवतात. ख्रिस्ताच्या नावाने केलेलं स्वागत असंच बिनशर्त असावं, आणि या सेवेला आम्ही पाचपैकी चार गुण देतो ते मुख्यतः यासाठी.

कॅनडातल्या मराठी लोकांना यात सहज हात लावता येईल. हिंदी सिनेमांमुळे बऱ्याच अफगाण कुटुंबांना हिंदी समजतं, त्यामुळे बँकेत, शाळेत, बसच्या थांब्यावर तुमची मदत होते. दवाखान्यात मात्र प्रशिक्षित दुभाषाच मागावा, आणि आईच्या आजाराबद्दल दहा वर्षांच्या मुलाला बोलायला लावू नये.