मिग-२१ बायसनचं किट: विमान झक्कास, मिसाईल भलतीच
सांबऱ्याच्या एअरफोर्स स्टेशनजवळ लहानपण गेलं, त्यामुळं विमानाचं वेड जुनंच ओ. बायसन म्हणजे मिग-२१ ची सुधारलेली आवृत्ती, त्याचं हे १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) जोडायचं प्लॅस्टिक मॉडेल ऑनलाईन मागवलं, टिळकवाडीत चार दिवसांत आलं. बॉडी एकदम मस्त, पॅनल लाईन (पत्र्याच्या जोडाच्या रेघा) बारीक, फटी भरायची पुटी जवळजवळ लागलीच नाही.

घोळ हत्यारांत आहे. किटच्या कागदावर आर-६० मिसाईल लिहिलंय, ते मोजलं तर ३९ मिमी! खरं आर-६० जेमतेम २.१ मीटर, ७२ नं भागलं की २९ मिमी यायला पाहिजे की नको? मिसाईलचे पंख बघितले तर सरळसरळ के-१३ हे जुनं मिसाईल आहे, १९७१ च्या लढाईतल्या मिगवर असायचं ते. जुन्याच साच्यातलं स्प्रू (सुटे भाग असलेली प्लॅस्टिकची चौकट) घालून नवीन नाव छापलंय वाटतं. आर-७७ ची तर कमालच, त्याची ओळखच मागचे जाळीदार पंख, आणि इथं सपाट पत्रे चिकटवल्यासारखे, माझ्या पोरानं पण विचारलं, पप्पा हे चुकलंय काय? डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) बरे आहेत. आर-७३ तेवढं ४१ मिमीचं, बरोबर.

मी दोन आर-७३ लावून बाकीचे पायलन (पंखाखाली हत्यारं अडकवायच्या जागा) रिकामे सोडले. विमानाला चार स्टार, हत्यारांना एक, तो पण आर-७३ मुळं.