दुसऱ्या गोळीची रायफल : सीझेड ५५० सफारी मॅग्नम, .३७५ एच अँड एच

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावचा, नात्याने पुतण्या लागणारा एक तरुण यंदा झिम्बाब्वेच्या दक्षिणेकडील उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्यावर केमिस्ट म्हणून रुजू झाला. त्याच चिरेद्झी भागात मी स्वतः अकरा गळीत हंगाम काढले असल्यामुळे भाड्याच्या घरापासून तुरीच्या डाळीपर्यंत सगळ्या चौकश्या तो माझ्याकडे करतो. मात्र गेल्या महिन्यातला त्याचा फोन वेगळ्याच कारणासाठी होता. त्याला तिथला परवाना काढून रानरेड्याच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची आहे. "काका, घ्यायचीच तर एकदाच मोठी घेतो, चारशे अठ्ठावन्न. पुन्हा पुन्हा कोण घेत बसतंय?" असे तो म्हणाला. चारशे अठ्ठावन्न म्हणजे .४५८ इंच व्यासाच्या गोळीची रायफल. त्याला फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते मी नऊ वर्षे वापरलेल्या .३७५ च्या सीझेड रायफलीच्या निमित्ताने इथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हेच योग्य आहे. झिम्बाब्वेत शिकार कायदेशीर आहे. तिथे कोटा ठरलेला असतो, सोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी असतो, आणि ‘कॅम्पफायर’ या १९८९ मध्ये सुरू झालेल्या योजनेखालील गावांत मांस आणि पैसा यांचा वाटा गावकऱ्यांपर्यंत जावा अशी व्यवस्था आहे. या वादात याहून खोल शिरण्याची ही जागा नव्हे.

प्रथम कायद्याचे गणित पाहू. हत्ती, पाणघोडा आणि रानरेडा यांच्यासाठी झिम्बाब्वेत रायफलीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान ५,३०० जूल असावी लागते. शेजारच्या नामिबियात हीच मर्यादा ५,४०० जूल आहे. .३७५ एच अँड एच मॅग्नम हे काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये काढले. ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅम वजनाची गोळी ते सेकंदाला साधारण ७७० मीटर वेगाने फेकते आणि त्याची ऊर्जा ५,७०० जुलांच्या पुढे जाते. त्यामुळे ते दोन्ही देशांच्या अटींत बसते, पण फार फरकाने नव्हे. म्हणूनच नवख्याला वाटते की काठावर पास होण्यापेक्षा १९११ सालची .४१६ रिग्बी घ्यावी, १९५६ सालची .४५८ विंचेस्टर घ्यावी, किंवा एका रेड्याकडून मोझांबिकमध्ये जबर मार खाल्लेल्या जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याने पुढे बेतलेली .४५८ लॉट घ्यावी. कागदावर त्या तिन्ही निःसंशय अधिक ताकदीच्या आहेत. परंतु वीस गुंठ्यांच्या वावरासाठी साठ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे नांगरणीपेक्षा बांध फोडणेच जास्त होते.

इथे बार उडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा हिशेब मध्ये येतो. शिकाऱ्यांत सर्वपरिचित असलेल्या .३०-०६ रायफलीच्या मानाने .३७५ चा धक्का साधारण दुप्पट बसतो, .४५८ चा तिप्पट किंवा त्याहून अधिक. दुप्पट धक्क्याची माणसाला सवय होते, असा माझा अनुभव आहे. तिप्पट धक्क्याची सवय झाल्याचे सांगणारे पुष्कळ भेटले, पण चाप ओढण्याआधीच त्यांतल्या बहुतेकांचा डोळा मिटत असे आणि खांदा मागे जात असे. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीवर आम्ही सराव करत असू, तेव्हा एखाद्याच्या रायफलीत त्याला न सांगता रिकामे काडतूस घालून ठेवण्याची खोड आमच्या वर्कशॉपच्या फोरमनला होती. चाप ओढला की बार होत नसे, पण नळीचे तोंड मात्र झोकांडी खाऊन खाली जाई, आणि मग त्या गृहस्थाला आपण किती दचकतो ते सगळ्यांसमोर कळे. पहिल्या महिन्यात मीही त्या परीक्षेत नापास झालो होतो.

आता रायफलीकडे वळतो. सीझेड ५५० सफारी मॅग्नम ही चेक प्रजासत्ताकातील उहेर्स्की ब्रोद येथे बनलेली बोल्ट-अॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट (पोलादी खिटी) हाताने मागेपुढे करून पुढचे काडतूस भरायची. तिचे उत्पादन आता बंद झाले आहे, पण दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेच्या बाजारात वापरलेल्या रायफली पुष्कळ फिरतात, आणि मीही वापरलेलीच घेतली होती. नळी सुमारे ६३५ मिलिमीटर, रिकामे वजन सव्वाचार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये पाच काडतुसे. उन्हात दिवसभर माग काढत चालताना सव्वाचार किलो वजन जाणवते, हे कबूल केले पाहिजे. दुपारनंतर पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर जात राहतो. मात्र धक्का सौम्य होतो तो याच वजनामुळे.

तिचा खरा गुण बोल्टच्या तोंडाशी आहे. १८९८ च्या माउझर रायफलीवरून आलेला एक लांब, रुंद पोलादी पंजा बोल्टच्या बाजूने बसवलेला असतो, आणि मॅगझिनमधून काडतूस वर येताच त्याच्या बुडाची कड या पंजात अडकते. म्हणजे काडतूस नळीत पोचण्याआधीच बोल्टच्या ताब्यात असते. रायफल तिरकी धरा, उलटी धरा, पळताना धरा, ते खाली पडत नाही. अर्धवट पुढे ढकलून घाबरून परत मागे ओढले तर पहिले काडतूस बाहेर फेकले जाते आणि दुसरे त्याच्या मागे अडकत नाही. दुसऱ्या धाटणीच्या रायफलीत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि पंजा शेवटच्या क्षणी बसतो. हरणावर, लक्ष्यावर त्या रायफली उत्तम काम देतात आणि अनेकदा अधिक अचूकही असतात. जे जनावर उलटून अंगावर येऊ शकते त्याच्यासमोर मात्र मला माउझरचा पंजाच हवा, आणि या मताला मी चिकटून आहे.

रायफल निवडताना दुकानातला प्रत्येक जण पहिल्या गोळीचा विचार करतो. पहिली गोळी तर तिकाटण्यावर टेकून, श्वास रोखून, सोबतच्या शिकाऱ्याने खूण केल्यावर सावकाश सुटते. त्या वेळी कुठलीही बरी रायफल काम करते. प्रश्न त्यानंतरच्या दोन सेकंदांचा असतो. मी हे रायफल घेण्याच्या आधीच, एका मित्राच्या उसन्या रायफलीवर शिकलो. चाळीस पावलांवर पुठ्ठ्याचा रेडा उभा केला होता. पहिला बार बरा बसला, मी झपकन बोल्ट मागेपुढे केला, चाप ओढला, आणि नुसते ‘टक्’ वाजले. चूक पूर्णपणे माझी होती. गावी आमच्या चुलत्यांकडे इशापूरची .३१५ रायफल होती, आणि माझा हात तिच्यावर बसलेला होता. ली-एनफिल्डच्या घराण्यातल्या त्या रायफलीचा बोल्ट आखूड अंतर चालतो, तर .३७५ चे काडतूस एक्क्याण्णव मिलिमीटर लांब, म्हणजे बोल्ट पार कानाजवळ येईपर्यंत मागे ओढावा लागतो. मी तो गावच्या सवयीने ओढला, रिकामे टरफल बाहेर पडले, पण नवे काडतूस उचललेच गेले नाही. .३७५ मधला हा खरा तोटा मानावा लागेल, कारण आखूड काडतुसांच्या रायफलींत तो इतका जाचत नाही. सीझेड घेतल्यावर मी रोज संध्याकाळी व्हरांड्यात नकली काडतुसे घालून पन्नास वेळा बोल्ट चालवत असे. सौभाग्यवतींनी त्याला ‘शेवयांचा साचा’ असे नाव ठेवले होते.

नेम धरण्याची सोय साधी आणि चांगली आहे. मागे नेमाच्या खाचेचे एक उभे पान आणि त्यापुढे दोन दुमडती पाने, नळीच्या टोकाशी माशी, म्हणजे नेमाचा उंचवटा. दुमडती पाने मी कधीच उभी केली नाहीत; रेडा बहुधा शंभर मीटरच्या आतच मारला जातो. दुर्बीण लावायची तर कमीत कमी मोठे दाखवणारी, एक ते चार पटींची पुरे, आणि ती डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर तरी दूर राहिली पाहिजे. माझी पहिली दुर्बीण एका दुकानदाराने फार मागे बसवून दिली होती. माझ्या उजव्या भुवईवरची अर्धचंद्राची खूण तेव्हाची आहे. दुर्बिणीच्या कड्या हाताने पटकन सुटणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे जखमी जनावर दाट झुडपात शिरल्यावर दुर्बीण काढून खिशात टाकता येते.

चापाबद्दल एक इशारा देतो. या रायफलीचा चाप पुढे ढकलला की तो अतिशय हलका होतो आणि बोट लागताच सुटतो. लक्ष्यावर नेमबाजी करताना ही सोय सुखाची वाटते. धडधडत्या छातीने रेड्याजवळ सरकताना तिचा उपयोग तर नाहीच, उलट पुढे चालणाऱ्या माणसाला धोका आहे. मी ती सोय विसरून गेलो, आणि नव्या माणसानेही विसरावी.

पुतण्याला मी सर्वांत जास्त बजावले ते मापाबद्दल. या रायफली बनवणारे लोक आपल्यापेक्षा हातभर उंच असावेत. माझी उंची पाच फूट पाच इंच. दस्ता कोपराच्या खळगीत टेकवून बोट चापापर्यंत नेले, तेव्हा ते जेमतेम टोकाने लागत होते. ज्या वृद्ध बंदूककाराकडून मी ती घेतली त्याने एक शब्दही न बोलता रायफल परत घेतली, रबरी टोपणासकट दस्ता अर्ध्या इंचाहून थोडा जास्त कमी केला आणि आठवड्याने हातात दिली. मग डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितले. डोळे उघडले तर माशी नेमकी पानाच्या खाचेत बसलेली. ही परीक्षा फुकट आहे आणि दुकानातच करता येते. ती न करता घेतलेली रायफल म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे जोडे.

गोळ्यांत काटकसर करू नये. पहिली गोळी फुलणारी पण न फुटणारी हवी. स्विफ्ट ए-फ्रेम किंवा बार्न्सची तांब्याची गोळी, दोन्हींनी मला कधी दगा दिला नाही. त्यानंतरच्या गोळ्या भरीव, न फुलणाऱ्या, कारण रेडा वळून पळू लागला की गोळीला मागून पुढपर्यंत आरपार जावे लागते. हा आफ्रिकी रेडा म्हणजे आपली मराठवाडी म्हैस नव्हे, जातच वेगळी. सातशे किलोच्या आसपासचा, कपाळावर शिंगांचे जाड कवच वागवणारा. माझ्या पहिल्या रेड्याला साठ पावलांवर खांद्यामागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात गोळी बसली. तो कोसळला नाही, साधा गुडघाही टेकला नाही. कळपासोबत वळला आणि धावला. माझा हात तेवढ्यात कानापर्यंत जाऊन परत आला होता. दुसरी गोळी मागून बसली, तिसरीची गरज लागली नाही, आणि मोपेनच्या झाडीतून त्याचा तो मरतानाचा लांबट, खोल हंबरडा ऐकू आला तेव्हा शिकाऱ्याने घड्याळ पाहून अजून वीस मिनिटे इथेच बसायचे असे सांगितले.

दोन नळ्यांच्या इंग्रजी रायफलीचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी थोडेसे. दुसरी गोळी तिच्याइतकी झटपट कशातूनच सुटत नाही, हे मान्य. .४७० नायट्रो एक्स्प्रेससारखी त्यांतली काही काडतुसे पुढे आली ती आपल्या देशामुळेच, कारण ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये भारत आणि सुदानसाठी .४५० च्या दारूगोळ्यावर बंदी घातली आणि बंदूककारांना नवे व्यास शोधावे लागले. इतिहास रंजक आहे, रायफल देखणी आहे, किंमत चांगल्या मोटारीची आहे. पहिली म्हणून घेऊ नये.

वापरलेली सीझेड पाहायला जाल तेव्हा बोल्ट काढून दस्त्याच्या मनगटाशी, जिथे पोलादाची शेपूट लाकडात शिरते तिथे, नखाने चाचपून पाहावे. मोठ्या धक्क्याच्या कुठल्याही रायफलीचे लाकूड आधी तिथेच केसाएवढे चिरते. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नसावी. पाचही नकली काडतुसे भरून, एकदा सावकाश आणि एकदा जोरात, सगळी बाहेर काढून पाहावीत. विकणारा कुरकुरला तर दुसरीकडे जावे. उरलेल्या पैशांची काडतुसे घ्यावीत आणि पहिली शंभर उभ्याने, तिकाटण्यावरून, निम्मी दुर्बिणीशिवाय उडवावीत.

माझी रायफल परत येताना मी तिथल्याच एका मळेवाल्याला विकली. पुतण्याने परवा कळवले की तो मळेवाला आता ती विकायला काढतो आहे. दस्ता आखूड असल्यामुळे तिथल्या उंच गिऱ्हाइकांना ती जमत नाही, म्हणून भाव उतरला आहे. पुतण्याची उंची पाच फूट सहा इंच.