बेलफास्टची दोन गाईडवाली पायी टूर: 10 खासदारांचा तो करार मला इथे कळला

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सांगते, पण आधीच सांगते की बेलफास्टला जात असाल तर टायटॅनिक म्युझियम एकवेळ राहू द्या, ही टूर चुकवू नका.

आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे मँचेस्टरला आले होते, तीन दिवस हातात होते म्हणून बेलफास्ट ठरवलं. तिथे काळ्या टॅक्सीतून फिरवणाऱ्या टूर सगळ्यांना माहीत आहेत, दीड तासात भिंत, म्युरल्स, फोटो झालं. आम्ही घेतली ती पायी टूर, साधारण तीन तासांची. हिची खासियत म्हणजे अर्धी टूर कॅथलिक वस्तीतल्या फॉल्स रोडच्या बाजूचा माणूस सांगतो आणि अर्धी प्रोटेस्टंट वस्तीतल्या शँकिल रोडच्या बाजूचा. दोघंही तरुणपणी जेलमध्ये जाऊन आलेले, एक रिपब्लिकन, म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणारा, आणि दुसरा लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ. दोन्ही वस्त्यांत मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मध्ये बांधलेल्या भिंतीच्या गेटपाशी पहिला तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो आणि परत फिरतो, पलीकडे येत नाही. मी कुठल्याच शहरात असं काही बघितलेलं नाही.

माझं तिथे जाण्याचं खरं कारण 2017 होतं. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे राहणाऱ्यांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि 8 जून 2017 ला मी इथलं पहिलं मत दिलं. तेव्हाच्या पंतप्रधान, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या थेरेसा मे बाईंनी बहुमत वाढवायला मुदतीआधी निवडणूक घेतली आणि होतं तेही घालवलं. 650 च्या सभागृहात 317 खासदार, बहुमताला 326 लागतात. मग कोण, तर उत्तर आयर्लंडमधले डीयूपीचे, म्हणजे ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीचे 10 खासदार. ऑफिसमधल्या बऱ्याच इंग्रज लोकांनी त्या दिवशी डीयूपी हे नाव पहिल्यांदा गुगल केलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. 1971 साली इयन पेझ्ली या पाद्र्याने काढलेला पक्ष, दोन्ही समाजांमधला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे कराराला विरोध केलेला, गर्भपात आणि समलिंगी लग्न दोन्हीला ठाम नकार. त्यांचा पाठिंबा घ्यायचा म्हटल्यावर खुद्द हुजूर पक्षात अस्वस्थता होती, स्कॉटलंडच्या नेत्या रूथ डेव्हिडसन यांनी समलिंगी लोकांच्या हक्कांबद्दल मे बाईंकडून शब्द मागून घेतला. मी तेव्हा हे सगळं बेरीज-वजाबाकी म्हणून वाचलं. 317 अधिक 10, झालं सरकार.

तर टूर. भेटायची जागा डिव्हिस टॉवरच्या पायथ्याशी, पण बुकिंगच्या ईमेलमध्ये पत्ता दुसराच आलेला, त्यामुळे आम्ही पंचवीस मिनिटं पावसात भलत्याच कोपऱ्यावर उभे. फोन लावल्यावर सॉरी म्हणाले आणि गाईड ग्रुपसकट आमच्यासाठी थांबला, हे त्यांचं चांगलं. पण सत्तरीचा माणूस सोबत असताना असं नको.

पहिला गाईड हळू बोलणारा, आवाज कधीच न चढवणारा. डिव्हिस टॉवरच्या वरच्या मजल्यांवर ब्रिटिश सैन्य कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होतं, खाली संसार चालू, हे त्याने तिथेच मान वर करायला लावून दाखवलं. मग फॉल्स रोडने शिन फेन या रिपब्लिकन पक्षाचं ऑफिस, त्याच्या भिंतीवर 1981 च्या जेलमधल्या उपोषणात वारलेल्या आयआरए या सशस्त्र रिपब्लिकन संघटनेच्या बॉबी सँड्सचा हसरा चेहरा. तिथून आत वळल्यावर बाबा एकदम थांबले, कारण पाटी होती बॉम्बे स्ट्रीट. जवळच काश्मीर रोडसुद्धा आहे. साम्राज्याच्या काळात दिलेली नावं. ऑगस्ट 1969 मध्ये ही अख्खी गल्ली जाळली होती, आता नवी घरं आहेत पण त्यांच्या मागच्या बाजूला जाळीचे पिंजरे बांधलेत, कारण भिंतीपलीकडून वस्तू येऊन पडायच्या. घराच्या मागच्या दाराला पिंजरा लावून लोक राहतात आणि त्यात कपडे वाळत घालतात. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

इथेच मी त्याला 2017 चं विचारलं. तो म्हणाला, डीयूपी कट्टर आहे याचं आम्हाला नवीन काय, आमचा राग त्यांच्यावर नव्हता, लंडनवर होता. आणि मग त्याने नीट समजावलं. गुड फ्रायडे करारात लिहिलंय की इथे ज्या सरकारची सत्ता असेल त्याने दोन्ही समाजांशी काटेकोर निःपक्षपणे वागायचं. 2017 च्या जानेवारीत शिन फेनचे उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि स्टॉरमाँटचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून चालवायचं इथलं सरकार कोसळलं, ते पुन्हा उभं राहायला जानेवारी 2020 उजाडलं. म्हणजे दोन्ही बाजूंना टेबलावर बसवायचं काम लंडनचं, आणि नेमकी तेव्हाच लंडनची खुर्ची एका बाजूच्या 10 मतांवर टेकलेली. वर त्या निवडणुकीत एसडीएलपी या मवाळ आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे तिन्ही खासदार पडले, शिन फेनचे 7 निवडून आले पण ते वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या संसदेत बसत नाहीत, त्यामुळे सभागृहात आयरिश राष्ट्रवादी समाजाचा एकही आवाज नाही. जॉन मेजर, स्वतः हुजूर पक्षाचे माजी पंतप्रधान, यांनी जून 2017 मध्येच जाहीर सांगितलं होतं की डीयूपीशी हा करार शांतता प्रक्रियेला धोक्याचा आहे. मी तेव्हा ती बातमी वाचून पुढे गेले होते.

बाबांना मी हे सगळं मराठीत सांगितलं. रिटायर झाल्यावर ते गावच्या तंटामुक्त समितीवर होते. ते म्हणाले, ‘अगं, बांधाच्या भांडणात समितीचा अध्यक्षच एका भावाच्या ट्रॅक्टरवर बसून आला तर दुसरा भाऊ तोंड उघडेल का? निकाल बरोबर दिला तरी मानणार नाही.’ हे मी गाईडला इंग्रजीत सांगितलं आणि तो बाबांकडे बघून म्हणाला की हे मी पुढच्या ग्रुपला सांगेन.

मग लॅनार्क वे या रस्त्यावरचं भिंतीतलं गेट. हे अजूनही संध्याकाळी बंद होतं. इथे पहिला गाईड निरोप घेतो, दुसरा पलीकडे उभा असतो, दोघांनी एकमेकांना मान हलवली आणि बास.

खरं सांगते, दुसऱ्या माणसाकडून मला काही मिळेल असं वाटलं नव्हतं. फुटपाथच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या, झेंडे, बंदूकधाऱ्यांची म्युरल्स, मनात मी आधीच बाजू घेतली होती. पण तो आधी आम्हाला शँकिलवरच्या त्या जागी घेऊन गेला जिथे मासळीचं दुकान होतं, 23 ऑक्टोबर 1993 ला आयआरएच्या बॉम्बने तिथे शनिवारच्या बाजाराला आलेली 9 निरपराध माणसं गेली, लहान मुलीसुद्धा. मी बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग तो म्हणाला की इंग्लंडमधल्या पेपरांनी 2017 मध्ये आम्हाला गुहेतून बाहेर आलेल्या माणसांसारखं रंगवलं, पण तुमची सरकारं आमच्या मतांवर चालतात तेव्हा आम्ही माणसं असतो का. 26 जूनला डाउनिंग स्ट्रीटमध्ये मे बाईंच्या पक्षाच्या आणि डीयूपीच्या करारावर सह्या झाल्या, उत्तर आयर्लंडला जादाचे 1 अब्ज पाउंड कबूल झाले, त्यात हॉस्पिटलं, रस्ते, ब्रॉडबँड, मानसिक आरोग्यासाठी 5 कोटी. वेल्सचे मुख्यमंत्री कार्विन जोन्स खूप चिडले की आम्हाला का नाही. हा म्हणाला, पैसे दोन्ही बाजूंच्या हॉस्पिटलना येणार होते, त्यात भिंत नव्हती. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

पण पुढचं त्याने स्वतःच सांगितलं, कडवटपणे. डीयूपीने तो सौदा ब्रेक्झिटसाठी वापरला. इथल्या 55.8 टक्के लोकांनी 2016 मध्ये युरोपात राहायला मत दिलं होतं आणि त्यांच्या नावाने बोलणारे मात्र बाहेर पडा म्हणणारे. 4 डिसेंबर 2017 ला ब्रसेल्समध्ये मे बाई जेवणाच्या टेबलावर असताना डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर यांचा नकार आला आणि ब्रेक्झिटचा जवळजवळ ठरलेला मसुदा मागे घ्यावा लागला. मग 2019 मध्ये मे बाईंच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध डीयूपीने तिन्ही वेळा मत दिलं, पहिल्यांदा सरकार 230 मतांनी हरलं. मे बाई गेल्या, बोरिस जॉन्सन आले. हेच जॉन्सन नोव्हेंबर 2018 मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात येऊन सांगून गेले होते की समुद्रात सीमा, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमध्ये मालाची तपासणी, कुठलंही हुजूर सरकार मान्य करणार नाही. डिसेंबर 2019 मध्ये त्यांना 80 चं बहुमत मिळालं, 10 मतांची गरज संपली आणि आयरिश समुद्रातली सीमा आली. त्याच निवडणुकीत डीयूपीचे वेस्टमिन्स्टरमधले नेते नायजेल डॉड्स स्वतःची सीट हरले. एप्रिल 2021 मध्ये याच लॅनार्क वेच्या तोंडाशी पोरांनी बस जाळली, गेटच्या दोन्ही बाजूंनी दगड आणि पेट्रोल बॉम्ब. कारणं एकाहून जास्त होती पण समुद्रातली सीमा त्यातलं मोठं. दुसरा गाईड म्हणाला, आमच्या मतांचा भाव दोन वर्षं होता. फॉल्सवाल्याला वाटतं लंडनने आपल्याला सोडलं आणि शँकिलवालाही शेवटी तेच म्हणतो, एकाच सकाळी, दहा मिनिटांच्या अंतरावर. हे टॅक्सीत बसून एका ड्रायव्हरकडून कळलं नसतं.

आता कापलेला स्टार. पत्त्याच्या गोंधळासाठी मी कापला नसता. तीन तासांत दोन पुरुष जेल, बंदुका, झेंडे, करार यावर बोलले आणि बायका कुठेच आल्या नाहीत, आल्या त्या फक्त जळलेल्या घरांतून पळताना. डीयूपीशी झालेल्या त्या कराराचा सगळ्यात पहिला परिणाम तर बायकांच्या बाबतीत दिसला. उत्तर आयर्लंडमध्ये गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद होता, बायका इंग्लंडला जायच्या आणि स्वतःच्या खिशातून पैसे भरायच्या. सह्या झाल्यावर तीनच दिवसांत, 29 जूनला, लेबरच्या स्टेला क्रीझी यांनी दुरुस्ती आणली, हुजूर पक्षातलेही खासदार फुटतील हे दिसल्यावर सरकारने या बायकांचा इंग्लंडमधला खर्च उचलायचं मान्य केलं. बहुमत इतकं काठावर होतं की मूठभर खासदार दुसऱ्या बाजूनेही सरकारला वाकवू शकले. आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तो कायदाच गेला, लंडनच्या संसदेने तसं ठरवलं म्हणून. मूळ बेळगावची सविता हलप्पनवार 2012 मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये गर्भपात नाकारल्यावर वारली, ते दक्षिणेतलं आयर्लंड, वेगळा देश, वेगळा कायदा, पण तेव्हापासून या बेटावरच्या कुठल्याही बाईचं असं काही वाचलं की मला तीच आठवते. मी शेवटी दुसऱ्या गाईडला हे विचारलं तर तो म्हणाला, तो विषय आमच्या टूरमध्ये नाही. कंपनीला मी लिहिलंय की घ्या, एखादी बाई गाईड घ्या, दोन्ही बाजूंच्या घ्या. अजून उत्तर आलेलं नाही.

बाकी कामाचं. चालणं सपाट आहे पण बसायला जागा नाही, आईचा गुडघा दुखत होता म्हणून ती हॉटेलवर थांबली ते बरंच झालं. वाटेत टॉयलेट नाही, आधी जाऊन या. छत्री उडते, रेनकोट घ्या. क्यूपर वे या रस्त्याच्या बाजूला याच भिंतीवर लिहायला गाईड मार्कर देतो, हजारो लोकांनी सह्या, शांततेचे मेसेज लिहिलेत. बाबांनी मार्कर हातात घेतला, थोडा वेळ उभे राहिले आणि न लिहिता परत दिला. म्हणाले, ज्यांची भिंत आहे त्यांनी लिहावं.